मकरपुऱ्याहून निघालेला ट्रान्सफॉर्मर

सोलापूर सोडताना मी ठरवलं होतं, या खेपेला बडोद्याचा राजवाडा अगदी निवांत बघायचा. माझी आत्येबहीण नंदा सुभानपुऱ्यात राहते. तिला फोनवर तसं बजावलंही होतं. पण स्टेशनवर मला घ्यायला ती आली ती कारखान्याचे जाड बूट घालूनच.

"राजवाडा काय पळून जातोय? आज माझ्याबरोबर चल ने. माझा ट्रान्सफॉर्मर निघतोय," ती तिच्या बडोदेकरी मराठीत म्हणाली. इतक्या लांबून आलेल्या पाहुणीला कुणी यंत्र दाखवायला नेतं का? मला रागच आला.

घरी आत्याने सेव-उसळ (झणझणीत रश्श्याची उसळ, वर मूठभर शेव) पुढे ठेवली आणि राग थोडा निवळला. नंदाचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या पुढे चालायचे, हे आत्या दर खेपेला सांगते. आजही सांगितलं. मग आमचा डबा भरताना हळूच म्हणाली, "कारखान्याने पोचवायचं काम पहिल्यांदाच हिच्या एकटीवर सोपवलंय गं. नीट पोचू दे, म्हणजे झालं."

मकरपुऱ्याला, नंदाच्या कारखान्यापाशी, कंपन्यांच्या बसमधून कामगार उतरत होते. त्या गर्दीत फाटकातून तो बाहेर आला: दुमजली घराएवढा राखाडी ट्रान्सफॉर्मर, गळ्यात झेंडूचा हार, आणि खाली चाकंच चाकं असलेला लांबलचक ट्रेलर. नंदाने नारळ फोडला. मी तोंड मिटायला विसरले.

आम्ही मागून जीपने निघालो. माणूस चालेल त्या वेगाने सगळं चाललं होतं, त्यामुळे शिकायला भरपूर वेळ मिळाला. वीज तयार होते लांबच्या केंद्रात. तिथे तिचा दाब खूप वाढवतात, कारण कमी दाबाने पाठवली तर ती तारा तापवण्यातच वाया जाते. मग गावाजवळ आली की टप्प्याटप्प्याने दाब उतरवायचा, शेवटी आपल्या घरातल्या दिव्यापुरता.

"हा माझा, दाब उतरवणारा. नव्या उपकेंद्रात बसणार," नंदा म्हणाली. "तिकडच्या गावांत उन्हाळ्यात दिवा लागतो तो मेणबत्तीसारखा. मोटारी पाणी ओढत नाहीत. हा बसला की तो त्रास संपला."

"आणि नाही बसला तर?"

तिने ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर लावलेली छोटी पेटी दाखवली. वाटेतला प्रत्येक धक्का ती पेटी टिपून ठेवते. धक्का मर्यादेबाहेर गेला की आतला गाभा हलला असं धरायचं आणि सगळं परत मकरपुऱ्याला आणून उघडायचं. मग ती गावं हाही उन्हाळा तशीच काढणार. हे ऐकल्यावर रस्त्यातला प्रत्येक खड्डा मीच आधी शोधायला लागले.

डभोईच्या बाजूला एका गावात तारा आडव्या आल्या. वायरमननी वीजपुरवठा बंद केला आणि बांबूंनी तारा वर उचलून धरल्या. एक आजी पदराने वारा घेत ओट्यावरून ओरडल्या, "लाइट आपवा आव्या छो के लेवा?" (वीज द्यायला आलात की न्यायला?) नंदा हसून म्हणाली, "आपवा ज, बा!" (द्यायलाच, आजी!) आजींचा काही विश्वास बसला नाही.

आणि तिथेच, शाळेसमोर, सगळं अडलं. नंदाने आधी येऊन अख्खा रस्ता मापला होता, पण तेव्हा इथे नसलेला एक बम्प (गतिरोधक) आता होता. गावकऱ्यांनी हाताने रचलेला, उभ्या कडांचा. ट्रेलरचे ड्रायव्हर हनीफभाई म्हणाले, फोडून टाकू. तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातले एक काका येऊन त्यावर उभेच राहिले. "अहीं ज छोकराने वाग्युं हतुं, बेन. बम्प नहीं तूटे." (इथेच पोराला लागलं होतं. हा तुटणार नाही.)

मी मनात म्हटलं, झालं, संपलं. नंदाने घाम पुसला. एकदा बम्पकडे पाहिलं, एकदा शाळेकडे. मग म्हणाली, "तोडवो नथी, काका. माटी आपशो?" (तोडायचा नाही. माती द्याल का?)

काकांचा चेहराच बदलला. ट्रॅक्टर आला, घमेली आली, कुणाच्या तरी बांधकामावरची वाळूची पोती आली. बम्पच्या दोन्ही अंगांना लांब, सौम्य उतार झाला. मीही साडी खोचून चार घमेली टाकली आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले. मघाच्या आजींनी सगळ्यांना छाश (ताक) पाजली; त्यांचा पंखा अजून बंदच होता.

मग नंदा ट्रेलरच्या पुढे गेली. तोंड ट्रान्सफॉर्मरकडे, हात वर, एकेक पाऊल मागे टाकत. "धीमे, हनीफभाई, धीमे." चाकं चढली, उतरली. नंतर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

उपकेंद्रात पोचल्यावर पेटीतली नोंद काढली. नंदाने ती दोनदा तपासली. एकही धक्का मर्यादेबाहेर नव्हता. तिने फोन लावला, "आई, पोचलो," एवढंच म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन ती ट्रान्सफॉर्मरला टेकून उभी राहिली. बाकीचं सगळं आत्याला मीच सांगितलं, आणि सांगताना मला तिचा फार अभिमान वाटला.

परतीच्या वाटेवर त्या गावात जीप धाडकन उडाली आणि आमची डोकी टपाला आपटली. गावकऱ्यांनी माती कधीच काढून घेतली होती. "हा धक्का चालतो," डोकं चोळत नंदा म्हणाली.

सोलापूरला घरी आले, पिशवी ठेवली आणि पंख्याचं बटण दाबलं. आयुष्यभर दाबत आले, पण हा वारा माझ्यापर्यंत यायला कुणीतरी कुठेतरी उन्हात उलटं चाललं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"मग? कसा वाटला राजवाडा?" ह्यांनी विचारलं.

"राहिला बघायचा," मी म्हणाले. "पण मिरवणूक बघितली. आमची नंदा सगळ्यांच्या पुढे चालत होती."