हुल्डाच्या गायींचा वकील

लेम्युएल पार्ट्रिज आमच्या गावातल्या कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. वकिलीची सनद मिळाली तरी लोक त्याला छेडायचे, "काय वकीलसाहेब, आज कुणाचं कातडं सोलणार?" तो म्हणायचा, "तुझंच सोललं असतं, पण फार जाड आहे बाबा, सुरी बोथट होईल." माणूस बुटका, भांडखोर, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा. राजकारण त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला तिकडे ढकललं माझ्या थोरल्या बहिणीनं, हुल्डानं.

लग्नात वडिलांनी ताईला दोन गायी दिल्या होत्या. तिनं त्यांचा कळप केला. तिचं चीज नदीपलीकडच्या गावांत जायचं. नवरा ओरिन कॉब दारूत बुडालेला. आई आजारी म्हणून ताई माहेरी आली, तेवढ्यात त्यानं सगळा कळप गुरांच्या व्यापाऱ्याला विकला. ताई परतली तर गोठा रिकामा.

ती तशीच लेम्युएलकडे गेली.

"गायी माझ्या आहेत. मला परत हव्यात."

"हुल्डा, बायकोचं जे जे असेल ते कायद्यानं नवऱ्याचं. तुला तर स्वतःच्या नावानं दावाही लावता येत नाही. आपण हरणार."

"हरू की! पण भर कोर्टात हरू. सगळ्यांना ऐकू दे."

दावा वडिलांच्या नावानं लागला. मी पुढच्याच बाकावर बसले होते. लेम्युएलनं ओरिनला साक्षीला उभं केलं.

"कॉब, या गायींपैकी एकीचं तरी नाव सांगा."

"गाय ती गाय. नाव कशाला हवं?"

मागून ताई ओरडली, "रूथ, डिलाइट, पेशन्स..." न्यायमूर्तींनी हातोडा आपटेपर्यंत ती थांबली नाही.

निकाल ओरिनच्या बाजूनं लागला. वाचताना न्यायमूर्तींचा चेहरा उतरला होता. "पार्ट्रिज, हा कायदा मी केलेला नाही," ते म्हणाले. "करणारे राजधानीत बसतात."

बाहेर पायऱ्यांवर लेम्युएल मान खाली घालून उभा होता. ताई म्हणाली, "ऐकलंस ना? मग तिकडे जा."

"कुणीही जाईल होय तिथं? निवडून यावं लागतं. आणि तुम्हा बायकांना मत कुठंय?"

"मत नवऱ्यांना आहे. नवरे आमच्या घरात आहेत. तू नुसता उभा राहा."

तो उभा राहिला. त्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्यातल्या बायकांनी घरोघरी काय केलं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की चक्कीवाला लोहाराला म्हणाला, "मी पार्ट्रिजला मत देतोय. मला गरम जेवण हवंय." लेम्युएल निवडून आला.

राजधानीत त्याची पहिल्याच दिवशी टर उडाली. बायकोची मालमत्ता बायकोकडेच राहावी असं विधेयक घेऊन तो उठला, तशी मागची बाकं गायीसारखी हंबरू लागली. हंबरणं ओसरल्यावर तो म्हणाला, "सन्माननीय सदस्यांचं बोलून झालं असेल, तर मी आता माणसांच्या भाषेत बोलतो." अख्खं सभागृह हसलं, हंबरणारे सोडून.

विधेयक पडलं. दुसऱ्या वर्षीही पडलं. गावी आला की लोक म्हणायचे, "सोड आता. वकिली बुडाली तुझी." खरंच बुडाली होती. अशील दुसरीकडे वळले होते. पण ताई चीजचा मोठा तुकडा त्याच्या खोगिराच्या पिशवीत कोंबायची. वडिलांच्या गोठ्यातल्या गायी दोहून ती ते करायची. "खा आणि जा," एवढंच म्हणायची.

तिसऱ्या वर्षी विधेयक मंजूर झालं. बातमी आली तेव्हा आम्ही सगळ्याजणी शेतकाम टाकून रस्त्यावर धावलो. ताईच्या गेलेल्या गायी परत मिळाल्या नाहीत. नवा कायदा मागच्या व्यवहारांना लागू नव्हता. पण तिनं स्वतःच्या नावानं कालवड घेतली, आणि त्या वेळी ओरिनला गप्प बसावं लागलं.

पुढं लेम्युएल एकदा हरला, पुन्हा जिंकला, आणि केस पांढरे होईपर्यंत सभागृहात भांडत राहिला. राज्यपाल झाला नाही. मोठ्या शहरांत त्याचा पुतळा नाही. पण माझ्या तिन्ही मुलींना त्यांच्या वडिलांची जमीन मिळाली आणि लग्नानंतरही ती त्यांच्याच नावावर आहे. जावई पहिल्यांदा घरी आले, तेव्हा ती जमीन मुलींचीच राहणार आणि ते कुणामुळे, हे मी त्यांना जेवायला वाढण्याआधी सांगितलं.