मागच्या शटरचं कुलूप

माझा नवरा चोर-अलार्म बसवतो आणि बिघडले की दुरुस्त करतो. बाजारात त्याला ‘भोंगेवाला’ म्हणतात. दुकानातला फोन मी उचलते, म्हणून मला भोंगेवालीण म्हणत असतील; तोंडावर अजून कोणी म्हटलेलं नाही. फोनवर रोज तेच रडगाणं. भोंगा किंचाळतोय, शेजारी गोळा झालेत आणि गिऱ्हाईक माझ्यावरच ओरडतंय, “अहो, चोरी-बिरी काही नाही, हा गप्प का बसत नाही?” मी विचारते, पॅनेलवर कुठला दिवा लागलाय? कोड टाकला का? तोवर बहुतेकांनी घाबरून लग्नाच्या तारखेपासून गाडीच्या नंबरापर्यंत सगळं टाकून बघितलेलं असतं. मग पॅनेल रुसतं, कोणाचंच ऐकत नाही, आणि नवऱ्याला रीसेट करायला धावावं लागतं.

पॅनेल खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं त्याचं ठाम मत आहे. “बॅटरी उतरली तर ते सांगतं, वायर तुटली तर सांगतं, झाकण उघडलं तरी सांगतं. माणूस सांगतो का?” हे तो माझ्याकडे बघून म्हणतो. मी काय लपवलंय ते मला अजून कळलेलं नाही.

सासऱ्यांना ही सगळी खेळणी वाटतात. त्यांनी उभा जन्म एका कापडाच्या गोदामावर राखणदारी केली. मग मालकांनी पॅनेल बसवायचं ठरवलं आणि घरचाच माणूस म्हणून काम माझ्या नवऱ्याला दिलं. मुलाने बापाची नोकरी स्क्रू मारून भिंतीवर बसवली, आणि शिडी धरायला सासरेच उभे होते. निरोपाला मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, ज्यांना आता कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं त्यांना! काही दिवस सासरे खिडकीशी नुसते बसून असायचे. जेवणावरची वासनाच उडाली होती. पुढे कधीतरी “पाय मोकळे करून येतो” म्हणत दुपारचे बाहेर पडू लागले, आणि परत आले की भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचे. ते पुन्हा माणसांत आले म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच सुमारास गोदामाचं पॅनेल बिघडलं. आजूबाजूच्यांच्या तक्रारींमुळे तिथला भोंगा मुका ठेवलेला होता. काही खुट्ट झालं की पॅनेल मालकांना फोन करायचं. ते नेमकं दुपारच्या सुट्टीत, गोदाम बंद असताना, मालक पहिला घास घेत असतानाच फोन करू लागलं. मालक खरकट्या हाताने धावत यायचे, तर सगळं जागच्या जागी. नवऱ्याने बॅटरी बदलली. वायर तपासली. पॅनेल बंद करून चालू केलं, सगळं पुसून पुन्हा मांडलं. मागच्या शटरचा सेन्सर नवा लावला, त्याचं चुंबक जवळ सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

“हे लवकर बंद झालं नाही तर उचलून न्या तुमचं यंत्र,” मालक म्हणाले. “चार लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन.” त्या बाजारात आमची निम्मी कामं याच गोदामाच्या नावावर मिळालेली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी सुट्टीच्या वेळेला आम्ही दोघंच गोदामात थांबलो. आतले सेन्सर तेवढ्यापुरते बंद ठेवले. दिव्यांवर नजर ठेवायला मी पॅनेलपाशी, तो कापडाच्या गठ्ठ्यांमागे, शटरजवळ. मला वाटलं, उंदीर असणार. एवढ्यात बाहेरून कोणीतरी कुलूप धरून असं काही ओढलं की अख्खं शटर खडखडलं, आणि मागच्या शटरचा दिवा लाल झाला. मी घाबरून ओरडणार, तोच नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. शटरखालच्या फटीतून टाचा झिजलेल्या वहाणा दिसत होत्या. गेल्याच आठवड्यात मी त्यांना अंगठा शिवून आणला होता.

कुलूप आणखी एकदा ओढलं गेलं. मग बाहेरून समाधानाने घसा खाकरल्याचा आवाज आला आणि वहाणा निघून गेल्या.

नवरा तिथेच गठ्ठ्यावर बसला. मला आधी हसू फुटलं आणि मग एकदम भरून आलं. मालकांना खरं सांगावं तर यंत्राची अब्रू वाचणार, पण सासऱ्यांना गोदामाच्या वाटेलाही कोणी फिरकू देणार नाही. मग पुन्हा ती खिडकी.

“बाबांना तूच समजावून सांग,” मी म्हणाले.

“काय सांगू? ओढू नका म्हणून?” तो उठला, पॅनेलपाशी आला आणि मागचं शटर यादीतून काढून टाकलं. आता ते कोणी उघडं टाकलं असतं तरी पॅनेलला पत्ता लागला नसता.

मालकांना त्याने सांगितलं, “मागचं शटर जुनं आहे, हलतं. ते पॅनेलमधून काढलंय.”

“मग तिकडे लक्ष कोण ठेवणार?”

“ती सोय केलीय,” माझा सत्यवादी नवरा म्हणाला.

मालक निवांत जेवू लागले. आमच्या घरात मात्र नवी धास्ती शिरली. पाऊस असो की ऊन, दुपारी मी जेवायला घरी आले की सासरे वेळेवर बाहेर पडले की नाही हे नवरा दुकानातून फोन करून मला विचारायचा. पूर्वी माझ्याही तब्येतीची इतकी चौकशी झाली नव्हती.

मग सासरे तापाने पडले. दुपार झाली तसे ते अंथरुणात चुळबुळू लागले. “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणत उठले आणि भिंतीला धरूनच उभे राहिले. नवरा जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि त्यांना धरून परत झोपवलं.

“तुम्ही पडून राहा, बाबा. मागच्या शटरकडे मी जाऊन येतो.”

सासरे त्याच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी ताट उचलायच्या निमित्ताने खाली वाकले. नवरा चपला घालून दाराबाहेर पडतोय तोवर त्यांनी हाक मारली.

“नुसतं बघून येऊ नकोस. ओढून ये.”