पहिलं शील

आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धवंदना गोपिका सांगायची. ती पुढं, बाकीच्या बायका तिच्या मागून. छप्पन सालच्या धम्मदीक्षेत बापाच्या खांद्यावर बसून आपण पंचशील पहिल्यांदा ऐकलं, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगे. तोरा तिला शोभायचाही.

तिचा नवरा ताराचंद खापरखेड्याला पॉवर हाऊसात कामाला. शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा; बाकीचे दिवस घरात गोपिका आणि तिची लहानगी पोरगी. चारचौघांत अगदी गरीब गाय. आमचं घर भिंतीला भिंत लागून, म्हणून ती गाय घरात कशी वागते ते मला ऐकू यायचं.

शहात्तरच्या उन्हाळ्यापासून गोपिकेचं काहीतरी बिनसलं. चहात मीठ घालायची. उजेड सहन होत नसे, उलट्या व्हायच्या, चालताना भिंत धरावी लागे. बोलता बोलता माझंच नाव विसरायची. हिचं डोकं फिरलं, अशी कुजबुज वस्तीत सुरू झाली आणि ताराचंदनं ती उचलून धरली. मी मात्र पाहत होते. हे सगळं सोमवारी फार असायचं आणि आठवडा सरता सरता जरा ओसरायचं. वेड काय वार पाहून येतं?

एका सोमवारी मी तिला रिक्षात घातलं आणि रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी केसांत दडलेली टेंगळं चाचपली. मला बाहेर बसवून तिच्याशी बराच वेळ बोलले. मग दोघींना म्हणाले, "हे वेड नाही. डोक्याला आतून मार बसलाय, आणि तो पुन्हा पुन्हा बसलाय. आराम मिळाला तर बरंचसं सुधारेल. आणखी एक तडाखा मात्र जिवावर बेतेल."

 येताना रिक्षात, घर जवळ आल्यावर गोपिका म्हणाली, "मी पागल नाई ना वं?"

"नाई."

"मंग मी आता त्याच्याजवळ नाई राहत. अन् माही पोरगी मी त्याले देत नाई."

ती पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. ताराचंदनं लगेच विहारात बैठक बोलावली. वेड्या बाईच्या हाती लेकरू कसं द्यायचं, हा त्याचा सवाल. डॉक्टरांचं म्हणणं मी सांगितलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. अध्यक्ष देवाजी माणूस सज्जन, पण त्यांना भलतीच युक्ती सुचली. डोकं ठिकाणावर असेल तर गोपिकेनं पंचशील म्हणून दाखवावं, म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

गोपिका उभी राहिली. जिवाची हिंसा न करण्याचं पहिलं शील तिनं स्वच्छ म्हटलं आणि ती अडकली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ताराचंद गालातल्या गालात हसला.

"पुढचं याद येऊन नाई राहिलं," ती म्हणाली. "देवाजीबाबा, आता याले म्हणायले लावा."

ताराचंदनं पाचही शीलं घडाघडा म्हटली. कुठं अडखळला नाही.

"पाहा, याले पाचही येतात," गोपिका म्हणाली. "अन् यानंच माहं डोकं भिंतीवर आपटलं. मले एकच येते, पण मी कोणाले मारलं नाई. पोरगी कोणापाशी राहिली पाहिजे, ते तुमीच सांगा."

मागच्या बायका एकेक करत उठल्या आणि तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. देवाजींनी मान वर केली नाही. पोरगी आईजवळ राहील आणि ताराचंदनं तिच्या वाटेला जायचं नाही, एवढं सांगून त्यांनी बैठक मोडली.

गोपिका पुरती बरी कधी झाली नाही. बाकीची चार शीलं तिला पुन्हा जमली नाहीत. तरी विहारात वंदना तीच सुरू करते. पहिलं शील म्हणून थांबते, पुढची चार तिची पोरगी सांगते.

परवा वस्तीतल्या एका नव्या सुनेनं तिला विचारलं, "मावशी, तुमी एकावरच काहून थांबता?"

"हे एक पाळा अगुदर," गोपिका म्हणाली. "बाकीची मंग पाहू."