राखणीला जाणारे नवरे

बुधवार, साखर-बीपीची ओपीडी. हजर: डॉक्टर, मी म्हणजे सिस्टर, औषधांच्या खिडकीत फार्मासिस्ट, बाकावर रांगेतले पुरुष आणि त्यांच्या मधोमध काका. गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या आमच्या दवाखान्यातला कुठलाही बुधवार आठवला तरी हजेरी हीच. काकांचा नंबर लवकर लागायचा, गोळ्या मिळायच्या, तरी ते उठायचे नाहीत. नवा माणूस दिसला की सरकून जागा करायची, बाकावर थाप मारायची आणि म्हणायचं, "ये, बस. लाज मी दुकानात ठेवून आलो, तू कुठं ठेवली?"

दुकान बाजारात, भांड्यांचं. आवाजही पितळी.

सरकारी दवाखान्यात बसला असाल, तर हे तुम्हीही पाहिलं असेल. पुरुष गुडघा दाखवतो, खोकला दाखवतो, चिठ्ठी घेऊन दारापर्यंत जातो आणि तिथून मान खाली घालून म्हणतो, "साहेब, अजून एक होतं." मग माझ्याकडे बघतो आणि "जाऊ द्या" म्हणून निघून जातो. ते "अजून एक" म्हणजे बहुतेकदा लिंगाला ताठरता न येणं. साखरेच्या रुग्णांत हे पुष्कळ दिसतं. नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यात भर घालतो. उपचार आहे, पण न सांगितलेल्या दुखण्यावर चिठ्ठी कशी लिहायची?

काकांनी एकदा बाकावरूनच जाहीर केलं, "मले बीपी आहे, साखर आहे, आन् बिछान्यातलंही आहे. तिन्हीचा इलाज चालू आहे." फार्मासिस्टनं खिडकी लावून घेतली होती.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या एका बुधवारी बिरसीकडचा एक शेतकरी आला. डोळे तारवटलेले. शेजारच्यानं विचारलं तेव्हा म्हणाला, "रातभर शेतावर राखणीले जाऊन राहिलो ना."

काका वळले. "कायची राखण रे?"

"धानाची."

"धान कापले, चुरले, विकून झाले. आता काय उरलेल्या तणसाची राखण करून राहिला?"

सगळं बाक हसलं. तो ताडकन उठला. "तुमाले काय करायचं जी?" म्हणाला आणि दाराकडे निघाला.

काका त्याच्यामागे गेले नाहीत. जागेवरूनच बोलले, पण आवाज एरवीचा नव्हता. "मीही दुकानात झोपत होतो, बाबा. चोर येतील म्हणून. भगोने कोण चोरते? तिकडं तुही काकू घरी एकटी रडे. तिले वाटे, मी म्हातारी झाली म्हणून हा येत नाही."

तो दारात थांबला.

"माही तं माहेरी निघून गेली," पाठमोराच म्हणाला. "म्हणते, शेतावर दुसरी ठेवली."

डॉक्टरांपुढे त्यानं खिशातून गोळ्यांची पुडी काढली. एका जत्रेतल्या तंबूतून घेतलेली. दुसऱ्या खिशात छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी होती, आधीच्या दवाखान्यानं दिलेली. डॉक्टरांनी पुडी टेबलावरच ठेवून घेतली. "यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. यात ताठरतेचं औषध निघालं आणि त्यावर ही छातीची गोळी घेतली, तर बीपी एकदम कोसळेल. जीव जाईल." मग साखर तपासली; भरपूर निघाली. खर्रा बंद, रोज चालणं, हृदयाची तपासणी गोंदियाला. "ती झाली की तुम्हाला कुठला उपाय चालेल ते ठरवू. उपाय आहेत. आणि बायकोला घेऊन या."

"ते कशी येईल जी आता?"

"आमी आणतो," काका पडद्याबाहेरून म्हणाले. ते ऐकत होते हे सांगायला नकोच.

काका-काकू एसटीनं तिच्या माहेरी गेले. पुढचं मला काकूंनी सांगितलं. ती तोंड फिरवून तांदूळ पाखडत बसली होती. काकांना तिनं बसाही म्हटलं नाही. काकूंनी सूप तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "सवत नाही व बाई, साखर होय. माह्याही घरात होती." ती आधी हसली, मग खूप रडली.

नंतरच्या बुधवारी दोघं जोडीनं आली. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. साखर उतरायला उन्हाळा लागला, खर्रा दोनदा सुटला नि दोनदा धरला. पण त्याचं अंथरूण शेतावरून घरी आलं.

मागच्या पोळ्यानंतर काका गेले. झोपेत, घरी, काकूंच्या शेजारी.

त्यानंतर बाकावर पुरुष गप्प बसतात आणि गुडघेच दाखवून जातात. मी त्या शेतकऱ्याला म्हटलं, तुम्ही बसा काकांच्या जागी, बोला. "पुढच्या बुधवारी नक्की, सिस्टर," तो म्हणाला. असे बरेच बुधवार गेले. परवा त्याची बायको शेजारी उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याहिले नाही जमत. मी बोलू काय, बायकाईशी?"

मी बाहेर बघितलं. नवऱ्यांना आत पाठवून बायका आवारात उन्हात उभ्या होत्या. त्यांना बसायला काही नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्टोअरमध्ये एक मोडकं बाक आहे. फळी बदलली की चालेल. सुतार येतो म्हणाला होता, आला नाही. त्याला पुन्हा सांगायचं आहे.