पेरूच्या झाडाला टांगलेली डीव्हीडी

देगलूरला धाकट्या बहिणीच्या लग्नात कॅमकॉर्डर माझ्या हातात होता. पुढच्याच हिवाळ्यात बाबा गेले, आणि मग लक्षात आलं की त्यांचा आवाज त्या शूटिंगशिवाय जगात कुठेही नाही. फोनवर ते "पोचलीस का? ठेव मग" एवढंच बोलायचे, ते कोण रेकॉर्ड करून ठेवतं? आईला तो आवाज ऐकायचा होता, तोही टीव्हीवर. टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरची बटणं तिला पाठ होती आणि मोबाइलवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून मी कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या फाइली थेट डीव्हीडीवर उतरवल्या आणि देगलूरला आईकडे नेल्या. प्लेअरनं डीव्हीडी आत घेतली, कुरकुर केली आणि बाहेर टाकली. कॅमेऱ्याच्या फाइली आधी प्लेअरला कळतील अशा बदलून घ्याव्या लागतात, हे मला नंतर समजलं. "फेकून दे ती," असं आईला सांगून मी लातूरला परतले आणि कार्ड एका स्टुडिओत दिलं. मालक लग्नाचं शूटिंग करणारा. "आहे तशीच करून द्या, फक्त प्लेअरवर चालू दे," असं दोनदा बजावलं.

आणायला गेले तेव्हा त्यानं कौतुकानं डीव्हीडी लावून दाखवली. मांडव दिसला, पंगत दिसली, वाढप्यांच्या मागे फिरणारे बाबा दिसले. त्यांचे ओठ हलत होते आणि वर सिनेमातलं गाणं चालू होतं. मला वाटलं, आता गाणं संपेल. ते संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"आवाज कुठंय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"वरिजनल आवाजात लई कालवा असतो, ताई. आपण समद्या लग्नांना गाणीच टाकतो. तुमाला तर निवडून टाकलीत."

"मग मूळ फाइली द्या."

"त्या काढल्या की. लग्नसराई चालू हाय, कॉम्प्युटरला जागा पुरंना. कार्ड बी साफ करून ठेवलंय बघा, डायरेक्ट वापरायचं."

शेजारणीचं भांडं घासून परत करावं, तसं त्यानं ते कार्ड माझ्या हातावर ठेवलं. बाबा गेलेत आणि त्यांचा आवाज तेवढ्यातच होता, हे मी त्याला सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कार्डावरून काही परत मिळतंय का, हे त्यानं माझ्यासमोर पुन्हापुन्हा पाहिलं. हाती काही लागलं नाही.

उदगीरमार्गे देगलूर गाठेपर्यंत आईला काय सांगायचं हेच मी घोकत होते. तिनं डीव्हीडी लावली, दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "ह्यांचा आवाज?" मी सगळं सांगून टाकलं. कार्ड पुसलं, सगळं गेलं, आता काही होणार नाही. मला रडू आवरेना.

आई उठून परसात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सुतळीला बांधलेली डीव्हीडी होती. "तू आणलेली पहिली, न चालणारी. पोपट पेरू ठेवीनात, म्हणून झाडाला टांगली होती. ह्याच्यात हाय का बघ."

पाखरांनी घाण केलेली, फांदीला घासून चरे पडलेली, पण हीच ती. पदरानं पुसून मी ती लॅपटॉपमध्ये घातली. एकामागून एक फाइल उघडायला नाही म्हणू लागली. शेवटी एकच उघडली, पंगतीची, अगदी छोटी.

कालवा होताच. भांडी आपटत होती, कुणीतरी पाणी मागत होतं. त्यातून बाबांचा खडा आवाज आला. ते वाढप्याला म्हणत होते, "आरं, त्या कॅमेरावाल्या पोरीला बसवा की आधी. सकाळपासून उपाशी हाय ती, कुणाचं ध्यानच न्हाई."

ती पोरगी मी. कॅमेरा धरून समोरच उभी होते आणि हे ऐकल्याचं मला जरासुद्धा आठवत नव्हतं. फाइल तिथेच थांबली.

आईनं पदर तोंडाला लावला. तिनं विचारलं, "मग, जेवलीस का तवा?"

मला आठवेना.