साडेतीन मीटर खोल वाढदिवस

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की माझा डावा कान हा माझाच असून त्याची जबाबदारी अन्य कोणावरही नाही. एवढं समजायला मला मित्राची पन्नाशी आणि इंग्लंडातल्या लेस्टरजवळची पाण्याने भरलेली एक जुनी दगडखाण लागली.

आमच्यापासून समुद्र लांब, म्हणून आम्ही हौशी डायव्हर खाणीतच डुंबतो. तिच्या तळाशी एक म्हातारी बस मुद्दाम बुडवून ठेवली आहे. मित्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्या बसशेजारी उभं राहून फोटो काढायचा, ही माझी कल्पना. मित्र हॉस्पिटलात कान-नाक-घशाचा सर्जन. त्या शनिवारसाठी त्याने दोन ऑन-कॉल ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या.

शुक्रवारी मला सर्दी झाली.

"त्याला सांगून टाक," बायको म्हणाली.

"अगं, इतकी खटपट केलीय त्याने. आता कसं सांगू?"

"तोंडाने."

पण भीड नावाची गोष्ट आम्ही सामानाबरोबर पुण्याहून आणलेली. गाडीत मी तासभर शिंका गिळल्या. तोही नेहमीपेक्षा गप्प होता. मला वाटलं, पन्नाशीचं ओझं असेल.

पाण्याकाठी आम्ही रिवाजाप्रमाणे एकमेकांचे पट्टे ओढून पाहिले, हवेचे काटे वाचले.

"कान ठीक ना?" त्याने डॉक्टरी आवाजात विचारलं.

"एकदम! तुझे?"

"फर्स्ट क्लास!" आवाज जरा नाकातून आला, पण नाकावर मास्क होता.

उतरलो. दोन मीटरवर कान दुखायला लागला. कानातला दाब सोडवायला नाक चिमटीत धरून फुंकलं, पण सर्दीने कान उघडेना. थोडा वर आलो, पुन्हा उतरलो. साडेतीन मीटरवर कानात कोणीतरी सुई टोचतंय असं वाटलं. खाली हिरव्या गढूळ पाण्यात बसचं छप्पर दिसत होतं! अजून जोर लावून फुंकलं तर... कदाचित उघडेल. कदाचित पडदा फाटेल. तो सर्जन हातभर अंतरावर होता, पण माझ्या कानात काय चाललंय ते त्याला कसं दिसणार? ते फक्त मलाच ठाऊक होतं.

डाइव्ह कोणीही, कधीही थांबवावी, दुसऱ्याने कारण विचारू नये, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी कानाकडे बोट केलं आणि अंगठा वर दाखवला. चला वर. त्याचा अंगठा इतक्या तत्परतेने वर आला की मी चकितच झालो.

वर आल्यावर मी नाटकात शोभेल असा माफीनामा सुरू केला. "सॉरी रे, कालपासून सर्दी आहे. तुझा वाढदिवस म्हणून बोललो नाही..."

त्याने मास्क काढला. नाक टोमॅटोसारखं लाल. काठावर चहा पिणारी मंडळी वळून बघतील इतक्या मोठ्याने तो ओरडला,

"अरे गाढवा, गाडीतच बोलायचंस ना! माझे दोन्ही कान बंद आहेत!"