रिव्हर्सला मागे माणूस लागतो

मेल नर्सची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही तयारीत बसला असाल. ॲम्ब्युलन्स, धावपळ, कोणीतरी जाता जाता वाचतं, शेवटी सगळे रडतात. सॉरी हां. या गोष्टीत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसतात. तेवढंच. पण ते बसेनात म्हणून आमचा अख्खा वॉर्ड उभा होता.

गुरव काका. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, खोपट डेपोचे. घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ठाण्यात आमच्याकडे ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान. आता वॉकर धरून उठायचं, चार पावलं टाकायची, खुर्चीवर बसायचं. हे जमलं तर टॉयलेटला स्वतः जाता येतं. नाही जमलं तर पडून पडून छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि माणूस कायमचा बेडचा होतो.

काका उठायचे. चालायचेही. पण वॉकरवाल्याला बसताना आधी वळावं लागतं, मग खुर्ची पायाला टेकेपर्यंत मागे मागे यावं लागतं. तिथे काकांचा खांब व्हायचा. घामाघूम. मग दोघांनी धरून परत बेडवर.

फिजिओथेरपीच्या तन्वी मॅडमनी समजावलं. सर्जननी राउंडला येऊन समजावलं, तेही काकांना नाही, मुलाला. मुलगा सुनील, डोंबिवलीला राहतो, डायपरची पॅकेटं घेऊनच आलेला. म्हणाला, बाबांना नाही झेपणार, उगाच त्रास नको. बाबा तिथेच होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी मुरबाडच्या शाळेत असल्यापासून नकला करतो. सुनील गेल्यावर सर्जनच्या आवाजात काकांना लेक्चर दिलं. हसले नाहीत. माझा स्टॉक संपला, तेव्हा कुठे मी प्रश्न विचारला.

"काका, नेमकं कुठे अडतं?"

"मागचं दिसत नाही."

"मागे खुर्ची आहे ना."

"तू सांगतोस. उभ्या नोकरीत कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय गाडी एक फूट रिव्हर्स घेतली नाही मी. आणि तुम्ही सगळे तोंडासमोर उभं राहून बोंबलता, मागे या, मागे या."

खरं होतं. आम्ही सगळे, डिग्र्यांसकट, समोर. नर्सिंगला असताना 'पेशंट केंद्रस्थानी' यावर मी पानभर उत्तर लिहायचो. पेशंटला विचारा, एवढं एक सोडून सगळं असायचं त्यात.

तन्वी मॅडमना सांगितलं. त्यांनी बाजूने काकांच्या कमरेचा पट्टा धरला. मी खुर्चीमागे गेलो आणि बेडच्या कठड्यावर थाप मारली. येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावी मारा, येऊ द्या, बास.

काका बसले. दम घेतला.

"हळू बडव," म्हणाले. "आणि हा आवाज कंडक्टरचा नाही, बिनतिकीट पॅसेंजरचा आहे."

वॉर्ड हसला. मी हिरो. त्याच खुशीत कल्याणला घरी गेलो.

सकाळी आलो तर काका भिंतीकडे तोंड करून. डायपर लावलेला. झालं असं, संध्याकाळच्या सिस्टरने त्यांना टॉयलेटला उठवलेलं, पण तीही समोर उभी. काकांनी विचारलं, माझा कंडक्टर कुठाय? म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर कधीकधी भ्रम होतो, तसंच काहीतरी झालंय असं तिला वाटलं. तिने डॉक्टरांना कळवलं. संध्याकाळी परत आलेल्या सुनीलने पॅकेट फोडलं.

घाबरू नका. काका पुढे वॉकर घेऊन चालत घरी गेले, मागून 'येऊ द्या' म्हणायला सुनीलही शिकला. पण त्या सकाळी इन्चार्ज परेरा सिस्टरनी मला आत बोलावलं. शिफ्ट बदलताना पुढच्या स्टाफला प्रत्येक पेशंटचं सांगायचं असतं, त्याला हँडओव्हर म्हणतात. मी सांगितलेलं, 'गुरव काका बसले, फर्स्टक्लास.'

"कसे बसले ते कोण सांगणार? डेपो मॅनेजर?"

मी म्हटलं, सिस्टर, ती जरा गंमत होती.

"गंमत तुझी. त्यांची टॉयलेटला जायची सोय होती ती. शुद्धीतला माणूस ओल्यात पडून राहिला, का, तर साहेबांची नक्कल फक्त साहेबांना येते. तुझ्या ड्युटीपुरताच बरा व्हायचा का पेशंट? मग ने त्याला घरी, कल्याणला. जा, आधी त्यांचं अंग पूस, माफी माग. मग सगळ्या स्टाफला शिकव, मलापण. आणि माझी नक्कल करतोस ना पॅन्ट्रीत, ती चूक आहे. मी हात असे कमरेवर ठेवत नाही."

हात कमरेवरच होते.